नो-कोडवर वेब अ‍ॅप: स्क्रीन भाड्याची चालेल, डेटा स्वतःचा हवा

प्रश्न थोडक्यात असा: एक प्रशिक्षण संस्था आहे. वर्षभर छोटे छोटे वर्ग चालतात, प्रत्येक वर्गाला मोजक्या जागा. नोंदणी, फी, हजेरी आणि प्रमाणपत्र एवढं सांभाळणारं वेब अ‍ॅप हवंय. आज सगळं स्प्रेडशीटमध्ये आहे. डेव्हलपर चार महिने लागतील म्हणतोय, ओळखीतला एकजण म्हणतोय की नो-कोडवर, म्हणजे कोड न लिहिता तयार तुकडे जोडून काम उभं करू देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर, पंधरा दिवसांत उभं करून देतो. कोणाचं ऐकावं, आणि नो-कोडचे खरे फायदे-तोटे काय?

दोघंही खरं बोलताहेत, पण हिशेब वेगवेगळ्या कामाचा सांगताहेत. पंधरा दिवसांत जे उभं राहील ते दिसायला पूर्ण असेल. डेव्हलपर जे चार महिने मोजतोय त्यातलं बरंचसं काम डोळ्यांना दिसणारं नाही. शेवटची जागा दोघांनी एकदम घेतली तर काय? पैसे कापले गेले आणि पान बंद पडलं तर काय? कोणाची माहिती कोणाला दिसावी? नो-कोडवर गेलात म्हणून हे प्रश्न सुटत नाहीत. प्लॅटफॉर्मवाल्यांनी त्यातले काही आधीच सोडवून ठेवलेले असतात, उरलेले तुमच्या गळ्यात पडतात, आणि कुठले उरलेत हे बहुतेक वेळा उशिरा कळतं.

मी कोड लिहून पोट भरतो. गेली काही वर्षं नो-कोडवरची अ‍ॅप्स बांधूनही देतो आणि दुसऱ्यांनी बांधलेली निस्तरूनही देतो. शिकलो ते जास्त करून निस्तरताना. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्यासारख्या कामाला नो-कोड वापरायला माझी हरकत नाही, एका अटीवर. स्क्रीन, बटणं, फॉर्म हे खुशाल प्लॅटफॉर्मचं असू द्या. डेटा मात्र अशा जागी ठेवा की उद्या प्लॅटफॉर्म सोडला तरी तो आहे तसा उचलून नेता येईल.

फायदे विचारले की सगळे वेगाचं नाव घेतात. वेग खरा आहे, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे चुकीचा अंदाज स्वस्तात पडतो. एका संस्थेसाठी हजेरीचं अ‍ॅप करत होतो. पहिलं रूप बैठकीतच दाखवलं: हजर आणि गैरहजर, दोन बटणं. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘अर्ध्यातून उठून जातात त्यांचं काय करू?’ तिसरं बटण तिथल्या तिथे टाकलं. मग निघालं की प्रमाणपत्र देताना दोन अर्ध्या हजेऱ्या मिळून एक धरतात. हा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, बाईंच्या डोक्यात होता. त्यानंतर हिशेब ठेवणारे म्हणाले, ‘आम्ही तर अर्ध्या हजेरीला गैरहजर धरतो.’ पाच मिनिटं दोघांचं वाजलं, आणि मी शांतपणे चहा प्यायलो, कारण माझं काम तेच करत होते. हीच गोष्ट कोडच्या प्रकल्पात तिसऱ्या महिन्यात निघाली असती आणि तोवर प्रमाणपत्राचं अर्धं गणित लिहून झालेलं असतं.

दुसरा फायदा फारसा कोणी बोलून दाखवत नाही, कारण तो कंटाळवाणा आहे. लॉगिन, होस्टिंग, सुरक्षेचे अपडेट, एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) सर्टिफिकेट, रोजचा बॅकअप, हे सगळं आयतं मिळतं. साधं ‘पासवर्ड विसरलात?’ घ्या. स्वतः करायचं तर अंदाज बांधता येणार नाही असा एकदाच चालणारा दुवा बनवायचा, त्याला मुदत घालायची, ईमेल स्पॅममध्ये जाणार नाही हे पाहायचं, आणि तो पत्ता आपल्याकडे नोंदलेला नसला तरी तसं परक्याला कळू द्यायचं नाही. अनुभवी माणसाचेही यात दोन-तीन दिवस जातात. नवख्याने केलं तर त्यात हमखास एक भोक राहतं. अशा कामात मला स्वतःच्या हातापेक्षा प्लॅटफॉर्मवर जास्त भरवसा आहे.

नो-कोड हे एकच नाव असलं तरी त्याखाली निरनिराळी जनावरं आहेत. वेबफ्लो मुख्यतः वेबसाइटसाठी. ग्लाइड आणि सॉफ्टर हे टेबलावर चढवलेले चेहरे, खाली एअरटेबलसारखी ऑनलाइन टेबलांची सेवा, शीट किंवा तसंच एखादं टेबल असतं. बबलमध्ये डेटाबेस, तर्क आणि स्क्रीन सगळं एका छताखाली, म्हणून ताकद जास्त आणि शिकायला वेळही जास्त. झेपियर आणि मेक हे दोन सेवांमधले निरोपे. कंपन्यांच्या आतल्या कामाला मायक्रोसॉफ्टचं पॉवर अ‍ॅप्स किंवा गुगलचं अ‍ॅपशीट. शिवाय नोकोडीबी, बेसरो, अ‍ॅपस्मिथ, बडिबेस ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी मंडळी. यातल्या नोकोडीबीला तुमचा आधीपासूनचा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल डेटाबेस जोडता येतो. माझ्या अटीत बसणारं आहे म्हणून त्याचं नाव मुद्दाम घेतलं.

आणि सगळ्यात जुनं, सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं नो-कोड साधन म्हणजे तुम्ही आज वापरताय ती स्प्रेडशीट. 1979 च्या व्हिसीकॅल्कपासून लोक प्रोग्रामर न होता प्रोग्राम लिहिताहेत, फक्त त्याला तसं म्हणत नाहीत. त्यामुळे ‘नो-कोड म्हणजे खेळणं’ असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. पण स्प्रेडशीटचाच एक प्रसंग मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं की 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या दिवसांतले 15,841 कोरोनाबाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. प्रयोगशाळांचा डेटा जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता. त्या प्रकारात 65,536 ओळींपलीकडे जागाच नाही. जास्तीच्या ओळी गळून गेल्या आणि त्या लोकांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला. आयतं साधन त्याच्या मर्यादेशी पोचलं की आवाज करेलच याची खात्री नसते.

मर्यादा प्रत्येक प्लॅटफॉर्मला असते आणि ती मदत-पानांवर लिहिलेलीही असते. वाचत कोणी नाही. एअरटेबलच्या एका बेसला, म्हणजे टेबलांच्या एका संचाला, एपीआयमार्फत (दुसऱ्या प्रोग्रामने डेटा मागायची वाट) सेकंदाला पाचच विनंत्या चालतात. ओलांडलं की 429 क्रमांकाची चूक येते आणि तीस सेकंद थांबावं लागतं. मोफत प्लॅनमध्ये बेसमागे हजारच रेकॉर्ड. तुमच्या शीटमध्ये आज किती ओळी आहेत? वर्षाला 300 विद्यार्थी आणि प्रत्येकाची 12 दिवसांची हजेरी धरली तर एकट्या हजेरीच्या टेबलात 3,600 ओळी होतात. विद्यार्थ्यांची संख्या पाहून लोक प्लॅन निवडतात आणि फसतात. फुगतात ती नेहमी हजेरी, पावत्या, निरोप अशी मधली टेबलं.

आता मंद पानांचं. एक अ‍ॅप माझ्याकडे ‘प्लॅटफॉर्म स्लो आहे’ या तक्रारीसह आलं. विद्यार्थ्यांच्या यादीचं पान उघडायला अकरा सेकंद. उघडून पाहिलं तर यादीत चारशे ओळी, आणि प्रत्येक ओळीत तीन चौकटी: एकूण हजेरी, बाकी फी, शेवटचा वर्ग. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे डेटाबेसात शोध घेत होती. म्हणजे एका पानासाठी बाराशे शोध. प्रोग्रामर याला एन-प्लस-वन म्हणतात आणि पहिल्या नोकरीत यावरून बोलणी खातात. ड्रॅग-अँड-ड्रॉपमध्ये मात्र ही चूक दिसतच नाही. तुम्ही एका ओळीत एक चौकट ठेवता, ती चारशे वेळा चालते. उपाय साधा होता: हजेरी लागली की विद्यार्थ्याच्याच नोंदीत एकूण आकडा वाढवून ठेवायचा, आणि यादी पन्नास-पन्नासच्या पानांत तोडायची. पान दीड सेकंदावर आलं. प्लॅटफॉर्मचा दोष नव्हता. पण त्याने ही चूक कोणाला जाणवूही दिली नव्हती, ही माझी खरी तक्रार.

शेवटच्या जागेचा प्रश्न तुमच्या कामात येणारच आहे, म्हणून तो जवळून पाहू. वर्गाला 20 जागा, 19 भरल्या. दोघं एकाच वेळी फॉर्म पाठवतात. वर्कफ्लो, म्हणजे प्लॅटफॉर्मला लावून दिलेला पायऱ्यांचा क्रम, साधारण असा असतो: उरलेल्या जागा मोज, शून्याहून जास्त असतील तर नोंदणी कर, मग उरलेल्या जागांतून एक वजा कर. पहिल्याची मोजणी आणि वजाबाकी यांच्यात अर्धा-एक सेकंद जातो. तेवढ्यात दुसऱ्याची मोजणी होते आणि त्यालाही एक जागा शिल्लक दिसते. वर्गात 21 माणसं. साध्या डेटाबेसात यावर जुना उपाय आहे. जागांना क्रमांक द्यायचे आणि वर्ग व जागा-क्रमांक ही जोडी दोनदा येता कामा नये असा युनिक नियम टेबलावरच लावायचा. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो, वरची स्क्रीन कुठलीही असो. पोस्टग्रेसमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे. बऱ्याच नो-कोड प्लॅटफॉर्मवर असा नियम टेबलावर लावताच येत नाही. ‘आधी शोध, नसेल तर बनव’ एवढंच जमतं आणि त्या दोन पायऱ्यांमधली फट तशीच राहते.

घाबरायचं का? नोंदणी आठवडाभर चालत असेल तर ही टक्कर वर्षातून एखादवेळी होईल. एक खुर्ची जास्त ठेवा आणि विसरून जा. नोंदणी ठरलेल्या मिनिटाला उघडत असेल आणि जागांवर उड्या पडत असतील, तर प्रत्येक वेळी होईल, आणि मग ते काम नो-कोडचं नाही. फायदे-तोट्यांचे तयार तक्ते मला म्हणूनच आवडत नाहीत. तोटा तोच असतो, पण एकाला तो चिल्लर असतो आणि दुसऱ्याचा धंदा बुडवतो.

फीचंही असंच. नवखा माणूस काय करतो, तर पैसे भरून परत आल्यावर जे ‘धन्यवाद’ पान उघडतं त्यावर ‘फी भरली’ अशी खूण लावतो. पण पैसे भरलेला माणूस परत येतोच असं नाही. टॅब बंद करतो, फोनची बॅटरी जाते, नेट जातं. पैसे गेलेले असतात आणि तुमच्या यादीत तो थकबाकीदार. उलट कोणी हुशार निघाला तर ‘धन्यवाद’ पानाचा पत्ता थेट उघडून फुकटात ‘भरली’ होतो. पेमेंट कंपनी तिच्या सर्व्हरवरून वेगळा निरोप पाठवते, त्याला वेबहुक म्हणतात. खूण फक्त त्यावर लावायची. आणि तो निरोप एकदाच येईल असंही धरू नका. तुमच्याकडून पोच मिळाली नाही तर स्ट्राइप ही पेमेंट कंपनी तोच निरोप तीन दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहते. म्हणून व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काही करू नका. चांगल्या प्लॅटफॉर्मवर हे सगळं जमतं. पंधरा दिवसांत करून देणाऱ्याला फक्त एवढं विचारा, ‘वेबहुक कुठे घेणार?’ तो गोंधळला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आता खासगी माहिती. माझ्या मते नो-कोडचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे. स्क्रीनवर न दाखवणं आणि ब्राउझरपर्यंत न पाठवणं यात फरक आहे हे प्रोग्रामरला कोणीतरी कधीतरी ओरडून शिकवलेलं असतं. नो-कोडवाल्याला कोण ओरडणार? एक विद्यार्थी-यादी मी तपासत होतो. स्क्रीनवर फक्त नावं. ब्राउझरमध्ये एफ-बारा दाबून नेटवर्कचा टॅब (सर्व्हरकडून काय काय आलं ते दाखवणारा) उघडला, पान पुन्हा लोड केलं आणि आलेलं उत्तर पाहिलं, तर प्रत्येक नावामागे फोन, ईमेल, जन्मतारीख आणि फीत दिलेली सवलत, सगळं येऊन पडलेलं. बांधणाऱ्याने त्या चौकटी स्क्रीनवरून ‘लपवल्या’ होत्या. त्याला वाटलं झालं. सहा महिने ते पान सगळ्या विद्यार्थ्यांना उघडं होतं.

हे एकट्या-दुकट्याचं अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की पॉवर अ‍ॅप्सवर बांधलेल्या अनेक पोर्टलांतून सुमारे 3 कोटी 80 लाख नोंदी कोणालाही वाचता येत होत्या. त्यात मोठ्या कंपन्या होत्या, अमेरिकेतली सरकारी खाती होती, खुद्द मायक्रोसॉफ्टची पोर्टलंही होती. कोणी हॅकिंग केलं नव्हतं. याद्यांचा डेटा बाहेर देणारी सोय चालू केली होती, आणि टेबल कोणी वाचावं यावरचे निर्बंध मुळात बंद असायचे, ते आपण चालू करायचे हे लोकांच्या ध्यानात आलं नव्हतं. नंतर मायक्रोसॉफ्टने ते निर्बंध मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. बबलमध्ये प्रायव्हसी रूल्स (कोणाला काय दिसावं याचे नियम) आहेत आणि ते सर्व्हरवरच लागू होतात, म्हणजे योग्य जागी. पण ते लिहायचे तुम्हीच. शिवाय तिथली ‘ऑप्शन सेट’ नावाची, ठरलेल्या पर्यायांची यादी ठेवायची सोय गुप्त गोष्टींसाठी नाही, त्यातलं सगळं ब्राउझरपर्यंत पोचू शकतं, हे त्यांच्याच मार्गदर्शिकेत लिहिलंय. सवलतीचे कूपन कोड लोक नेमके तिथे ठेवतात.

तपासायला प्रोग्रामर लागत नाही. दोन खोटे विद्यार्थी बनवा, एकाच्या नावाने लॉगिन करा, नेटवर्क टॅब उघडा आणि दुसऱ्याचा फोन नंबर त्यात शोधा. सापडला तर अ‍ॅप लाइव्ह करू नका. प्रत्येक नव्या पानानंतर हे करायला दहा मिनिटं लागतात.

खर्चाबद्दल बोलताना सगळे महिन्याचा आकडा सांगतात. तो आकडा दुय्यम आहे. मोजतात कशावर ते आधी विचारा. वापरणाऱ्या माणसांवर? रेकॉर्डवर? की प्रत्येक कृतीवर? झेपियरमध्ये ट्रिगर, म्हणजे काम सुरू करणारी घटना, मोजला जात नाही, पुढची प्रत्येक यशस्वी कृती एक टास्क धरतात. एका नोंदणीमागे पावती, ईमेल आणि हिशेबात नोंद अशा तीन कृती असतील तर 300 नोंदण्यांचे 900 टास्क. हे मोजायला तरी सोपं. बबलने 2023 मध्ये ‘वर्कलोड युनिट’ आणलं, म्हणजे सर्व्हरने तुमच्यासाठी जितकं काम केलं तितकं बिल. वापरणाऱ्यांनी एवढी ओरड केली की त्यांना आकडे सुधारावे लागले. तत्त्व म्हणून ते अन्यायाचं नाही, पण वरचं बाराशे शोधांचं पान आठवा: अशा मोजणीत ते पान नुसतं मंद राहत नाही, महागही होतं. माणसांवर मोजणारा प्लॅन पाच कर्मचाऱ्यांच्या आतल्या अ‍ॅपला स्वस्त पडतो आणि 300 विद्यार्थ्यांना लॉगिन दिलं की डोळे पांढरे करतो. तुमच्या बाबतीत विद्यार्थ्यांना लॉगिन खरंच हवंय का, हा प्रश्न म्हणूनच आधी सोडवा. बहुतेकांना एक फॉर्म आणि पावतीचा ईमेल पुरतो.

आणि प्लॅटफॉर्मच बंद झाला तर? लोक हे हसण्यावारी नेतात, मोठी कंपनी आहे म्हणतात. गुगलने अ‍ॅप मेकर हे त्यांचं असंच साधन बंद करत असल्याचं जानेवारी 2020 मध्ये सांगितलं आणि 19 जानेवारी 2021 ला ते बंदही झालं. त्याच जानेवारी 2020 मध्ये त्यांनी अ‍ॅपशीट विकत घेतलं होतं. पण जुनी अ‍ॅप्स तिकडे आपोआप गेली नाहीत, नव्याने बांधावी लागली. वाचला तो डेटा, कारण तो क्लाउड एसक्यूएल या गुगलच्या डेटाबेस-सेवेत, ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यात होता. त्याआधी फेसबुकने पार्स, म्हणजे मागचा सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणारी सेवा, बंद केलं: जानेवारी 2016 मध्ये घोषणा, जानेवारी 2017 मध्ये टाळं. तेव्हा वर्षभराची मुदत मिळाली, सर्व्हरचा कोड खुला केला गेला आणि डेटा स्वतःच्या मोंगोडीबी डेटाबेसात हलवायचं साधन दिलं गेलं, म्हणून लोक तगले. बबल तुमचं अ‍ॅप कोडच्या रूपात बाहेर देत नाही, हे ते उघड सांगतात. कंपनी बंद पडली तर कोड खुला करू असा त्यांचा शब्द आहे. फ्लटरफ्लो या दुसऱ्या नो-कोड साधनातून मात्र कोड मिळतो. वेबफ्लोमधून पानांचा कोड मिळतो, पण मागची फॉर्म आणि सीएमएसची (मजकूर सांभाळायची) यंत्रणा त्याच्यासोबत चालत नाही.

‘डेटा एक्स्पोर्ट करता येतो’ या वाक्यावर मी एकदा विसंबलो होतो. सीएसव्ही, म्हणजे टेबलाची साधी मजकूर-फाइल, मिळाली, खरंच मिळाली. हजेरीच्या फाइलमध्ये विद्यार्थ्याच्या रकान्यात त्याचं नाव होतं, कारण जोडलेल्या नोंदीचं स्क्रीनवर जे दिसतं तेच एक्स्पोर्टमध्ये उतरतं. संस्थेत एकाच नावाच्या दोन मुली होत्या. कोणती हजेरी कोणाची? फाइलवरून सांगता येईना. शेवटी कागदी पट काढून दोन दुपारी मी आणि तिथल्या लिपिक बाई एकेक दिवस जुळवत बसलो. तेव्हापासून कुठल्याही प्लॅटफॉर्मवर पहिलं टेबल करतानाच मी स्वतःचा क्रमांक घालतो, वि-0001 असा, आणि तोच रकाना प्रत्येक जोडलेल्या टेबलातही दिसेल असं करतो. दिसायला गबाळं वाटतं. वाटू दे.

बाकी तोटे भराभर. दोघांनी एकदम बदल केले की कोणी काय मोडलं ते शोधणं जड जातं, कारण कोडसारखा ओळीगणिक फरक बहुतेक ठिकाणी दिसत नाही. आपोआप चालणाऱ्या चाचण्या जवळपास नसतातच. इंटरनेट नसताना चालणारं अ‍ॅप हवं असेल तर पर्याय फार थोडे. आणि बांधणारा माणूस सोडून गेला की मागे राहतात ‘वर्कफ्लो 14 कॉपी 2’ अशी नावं. कोडमध्येही लोक वाईट नावं देतात म्हणा, पण तिथे निदान शोधता येतं.

हल्ली यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: एआयला सांगून सरळ कोडच लिहून घेतला तर? कोड हातात राहतो, हा मोठा फायदा. पण न वाचलेला कोड हा दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या वर्कफ्लोइतकाच परका असतो, आणि होस्टिंग, बॅकअप, अपडेट हे कंटाळवाणं सगळं परत तुमच्याकडे येतं. अशी तीन अ‍ॅप्स माझ्याकडे तपासायला आली. दोनमध्ये डेटाबेसातली कुठली ओळ कोणाला दिसावी हे तपासणारा नियमच बंद होता. नेटवर्क टॅबची चाचणी इथेही तितकीच लागू आहे.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? डेव्हलपरला चार महिन्यांचं काम दिलं नसतं, पण दोन दिवसांचं दिलं असतं: पोस्टग्रेसमध्ये पाच टेबलं आखून दे. विद्यार्थी, वर्ग, नोंदणी, हजेरी, पावती. त्यात जागांचा आणि व्यवहार-क्रमांकाचा युनिक नियम, आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी. त्यावर नोकोडीबी किंवा तत्सम काही चढवून कर्मचाऱ्यांच्या स्क्रीन तुमच्या ओळखीतल्या माणसाकडून करून घेतल्या असत्या. फी पेमेंट कंपनीच्या तयार पानावर, कार्डाचा तपशील आपल्याकडे येऊच द्यायचा नाही. विद्यार्थ्यांना लॉगिन नाही. प्रमाणपत्राची वाक्यं ठरेपर्यंत ते हातानेच, कारण पहिल्या दोन महिन्यांत ती चार वेळा बदलतील.

पोस्टग्रेस नकोच असेल, सगळं एका प्लॅटफॉर्मवरच हवं असेल, तरी चालेल. मग अ‍ॅप लाइव्ह करण्याआधी एकदा सगळी टेबलं एक्स्पोर्ट करा, ती त्रयस्थ माणसाला द्या आणि फक्त फाइल पाहून एका विद्यार्थ्याची मार्चमधली हजेरी व बाकी फी सांगायला लावा. त्याला सांगता आली तर बिनधास्त पुढे जा. नाही आली तर टेबलं आताच दुरुस्त करा. आत्ता त्यात वीस खोट्या नोंदी आहेत, पुढच्या वर्षी 3,600 खऱ्या असतील.